दुष्काळात तेरावा महिना : म्हणींचा उगम कसा तपासावा?

मराठीच्या तासाला म्हणी शिकवण्याची एक ठरलेली रीत आहे. फळ्यावर म्हण लिहायची, पुढे अर्थ लिहायचा, मुलांनी दोन्ही वहीत उतरवून घ्यायचे आणि परीक्षेत जोड्या लावायच्या. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणजे आधीच्या संकटात आणखी एका संकटाची भर, हे उत्तर बरोबर असते आणि त्याला गुणही मिळतात. पण वर्षाचे महिने बारा असताना हा तेरावा आला कुठून, आणि तो आल्याने नेमके कोणाचे काय बिघडले, हे बहुधा कोणी विचारत नाही.

कोणी विचारलेच, तर उत्तरादाखल एखादी गोष्ट सांगितली जाते. म्हणींच्या उगमाच्या अशा गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्या रंजकही आहेत. अडचण एवढीच की गोष्ट चांगली जमली की ती खरी वाटू लागते. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना बजावतो, की स्पष्टीकरण पटले म्हणजे ते सिद्ध झाले असे नाही, ते पडताळून पाहावे लागते. मग भाषेच्या तासाला हा नियम का लावू नये?

या लेखात आपण तसे करून पाहणार आहोत. त्यासाठी अहमदनगर जिल्हा निवडला आहे (२०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, पुढे सोयीसाठी ‘नगर’ म्हटले आहे). पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा मुसळधार पावसाचा पट्टा सोडला, तर हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. दुष्काळ, कर्ज आणि बदलत्या राजवटी यांचा अनुभव इथल्या माणसाने पिढ्यान् पिढ्या घेतला. आपण निवडलेले चार शब्दप्रयोगही याच अनुभवाशी निगडित आहेत : दुष्काळात तेरावा महिना, औट घटकेचे राज्य, अठरा विश्वे दारिद्र्य आणि मोगलाई.

तीन साधे प्रश्न

कोणत्याही म्हणीच्या उगमाची कथा ऐकली की तिला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न काळाचा. कथेतली माणसे, गावे, राजवटी एकाच काळी होती का? ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार १४ जानेवारी १७६१ च्या आधीचा असू शकत नाही, हे उघड आहे. त्याआधीच्या एखाद्या कागदात तो सापडला, तर एक तर कागद बनावट किंवा आपले स्पष्टीकरण चुकीचे.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. म्हणीत संख्या किंवा माप असेल तर ते आकडे मांडून पाहावेत. हिशेब जुळतो का?

तिसरा प्रश्न व्यवहाराचा. ही गोष्ट बोलणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात कुठे अडत होती? कोणाला तिचा फायदा होता, कोणाला तोटा? म्हण टिकते ती लोकांना तिची पुनःपुन्हा गरज पडते म्हणून.

आता पहिल्या म्हणीकडे वळू.

तेरावा महिना येतो कसा?

आपले सणवार चंद्रावर चालतात. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. ऋतू मात्र सूर्यावर अवलंबून आणि सूर्याचे वर्ष सुमारे ३६५¼ दिवसांचे. म्हणजे दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते.

ही तूट भरून काढलीच नाही तर काय होते, याचे उदाहरण नगर शहरातच पाहायला मिळते. नगरचा मोहरम प्रसिद्ध आहे आणि त्यात सर्व धर्मांचे लोक सहभागी होतात. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र असल्यामुळे मोहरम कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, तर कधी थंडीत येतो. सुमारे ३३ वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. दिवाळी तशी फिरत नाही, कारण आपल्या पंचांगात तूट साचून एका महिन्याएवढी झाली की एक महिना वाढवला जातो. दरवर्षी १०.९ दिवस या हिशेबाने २९.५ दिवसांची तूट साचायला सुमारे २.७ वर्षे, म्हणजे साडेबत्तीस महिने लागतात. नियमही सोपा आहे : ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसरीत जात नाही, म्हणजे संक्रांत होत नाही, तो अधिक महिना. अशा रीतीने १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. १९ वर्षांचे २२८ आणि वरचे ७ मिळून २३५ चांद्र महिने होतात आणि त्यांचे दिवस १९ सौर वर्षांच्या दिवसांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. हा मेळ प्राचीन बाबिलोनी आणि ग्रीक गणितज्ञांनाही ठाऊक होता.

तेव्हा तेरावा महिना ही कवीची कल्पना नसून पंचांगातली नेहमीची बाब आहे. आता दुष्काळाशी त्याची गाठ पडणे किती दुर्मीळ? ज्या वर्षी पाऊस जातो त्या वर्षी अधिक मास असण्याची शक्यता १९ मध्ये ७, म्हणजे शेकडा सुमारे ३७. शिवाय अधिक मासाची दोन वर्षे एकमेकांपासून दोन किंवा तीन वर्षांच्या अंतरावर असतात. म्हणून दुष्काळ सलग तीन वर्षे चालला तर त्यात तेरावा महिना यायचाच! ‘अमुक दुष्काळात तेरावा महिना आला आणि म्हण जन्मली’ असे कोणी सांगितले तर म्हणूनच सावध व्हावे. या म्हणीला विशिष्ट दुष्काळाची गरजच नाही. ज्या मुलुखात दर काही वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथे माणसाला आयुष्यात एकदा तरी हा योग पाहावाच लागतो.

पाऊस कोणते पंचांग पाळतो?

इथे एक शंका येते. तेरावा महिना आला म्हणून पाऊस एक महिना लांबतो काय? अजिबात नाही. पावसाचा संबंध सूर्याशी, आणि शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक होते. म्हणून तो पावसाळा चांद्र महिन्यांनी मोजत नाही; मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा सूर्य-नक्षत्रांनी मोजतो. मृग नक्षत्र सध्या ७-८ जूनच्या सुमारास लागते, मग पंचांगात ज्येष्ठ चालू असो की वैशाख. एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत नेहमी ३६५ दिवसच.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होते. शेतसारा पिकावर घ्यायचा आणि पीक ऋतूवर येणार. म्हणून हिजरी वर्ष या कामाला निरुपयोगी होते. दख्खनमध्ये त्यासाठी शुहूर सन वापरात आला. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचे नवे वर्ष सुरू होई, म्हणून त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणत. नगरच्या निजामशाहीपासून पेशवाईपर्यंतच्या कागदपत्रांत हा सन आढळतो.

म्हणजे नगरचा शेतकरी एकाच वेळी दोन कालगणना वापरत होता. पेरणीला सूर्याची आणि सणाला व देण्याघेण्याला चंद्राची. तेराव्या महिन्याने पहिलीत काहीच फरक पडत नव्हता. तेव्हा म्हणीतले संकट आभाळात शोधून उपयोग नाही. ते शोधायचे चंद्रावर चालणाऱ्या हिशेबाच्या वहीत.

फटका कोणाला बसे?

आता तिसरा प्रश्न, व्यवहाराचा. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले कर्जाचे. आपल्याकडे व्याजाचा दर ‘दरमहा दरशेकडा’ सांगण्याची पद्धत होती. समजा शंभर रुपयांवर दरमहा दोन रुपये व्याज आहे आणि खतावरची मिती चांद्र महिन्याची आहे. साध्या वर्षाचे व्याज २४ रुपये, तेरा महिन्यांच्या वर्षाचे २६. कोणी म्हणेल, साधे वर्ष ३५४ दिवसांचेच होते, त्यामुळे १९ वर्षांचा हिशेब शेवटी जुळतोच. गणिताने हे खरे आहे. पण ज्याचे पीक गेले आहे त्याला १९ वर्षांची सरासरी उपयोगाची नसते. सावकार दारात यंदा उभा असतो.

नगर जिल्ह्याला हा अनुभव नवा नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि लवकरच तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. या उठावात लोकांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडच्या कर्जखतांवर होता. खते हाती घेऊन जाळून टाकायची, म्हणजे कर्जाचा पुरावाच नाहीसा. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तोवर १८७६ पासूनचा भीषण दुष्काळ येऊन गेला होता.

दुसरे उदाहरण सालगड्याचे. सालगड्याचा ठराव पाडव्यापासून पाडव्यापर्यंत होतो. सालाची रक्कम किंवा धान्य आधी ठरलेले. साधे साल ३५४-३५५ दिवसांचे, अधिक मासाचे ३८३-३८४ दिवसांचे. मोबदला ठरावाप्रमाणे तोच राहिला, तर सालगड्याचे तीस दिवस फुकट गेले. मालकाच्या दृष्टीने मात्र हा महिना नफ्याचा. म्हणजे हाच महिना एकाला संकट आणि दुसऱ्याला सवलत. म्हण कोणाच्या तोंडी रुजली असेल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे उदाहरण घरातले. अधिक महिन्याला खेड्यात ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात. लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचे वाण द्यायचे. वाण तेहतीसच्या संख्येने देतात. अधिक मास साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणून तेहतीस, असे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते. ते आकर्षक आहे. पण तेहतीस देवांची कल्पनाही फार जुनी आहे आणि संख्या त्यावरूनही आलेली असू शकते. आकडा जवळपास जुळणे हा पुराव्याचा आरंभ झाला, शेवट नव्हे. ते कसेही असले तरी कणगी रिकामी असताना जावई जेवायला येणार, हा प्रसंग यजमानाच्या दृष्टीने काय असेल, याची कल्पना करता येते.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. तेराव्या महिन्याने आवक वाढत नाही, फक्त देणे वाढते. हाच या म्हणीचा गाभा. ‘संकटात भर’ हा अर्थ बरोबरच आहे, पण तो थोडा ढोबळ झाला. खरा अर्थ असा : मिळकत थांबलेली असताना मागणीचा एक फेरा आणखी वाढणे.

शके १८९४

आता एका खऱ्या दुष्काळावर ही म्हण लावून पाहू. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. नगर हा त्याची मोठी झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक. पंचांग काढून पाहिले तर काय दिसते? शके १८९४ चा पाडवा १६ मार्च १९७२ रोजी होता आणि पुढचा पाडवा ४ एप्रिल १९७३ रोजी. मधे ३८४ दिवस. त्या वर्षी एप्रिल-मे १९७२ मध्ये अधिक वैशाख आला होता. म्हणजे त्या साली अक्षरशः दुष्काळात तेरावा महिना होता.

अर्थात म्हण १९७२ च्या कितीतरी आधीची आहे. हे उदाहरण उगमाचा पुरावा नाही. शेकडा ३७ ची शक्यता प्रत्यक्षात कशी उतरते, एवढेच ते दाखवते.

पण त्या दुष्काळात एक फरक होता. लोक पाझर तलावांवर, नाला-बंडिंगवर, रस्त्यांवर आणि खडी फोडायला गेले. परदेशातून आलेला मिलो खाल्ला, मुलांनी सुकडी खाल्ली. मजुरीचा हिशेब दिवसांवर आणि मोजून दिलेल्या कामावर होता. अशा हिशेबात चांद्र महिने बारा असोत की तेरा, काही बिघडत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आज पगार इंग्रजी महिन्याने होतो आणि बँकेचे व्याज दिवसांवर मोजले जाते. म्हणीतला शब्दशः अर्थ व्यवहारातून गेला आणि लाक्षणिक तेवढा उरला. मुलांना तेरावा महिना कळत नाही याचे कारण हेच आहे.

औट घटकेचे राज्य

दुसरा वाक्प्रचार ‘औट घटकेचे राज्य’. अर्थ : अल्पकाळ टिकणारी सत्ता. ‘औट’ म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’ आणि त्यावरून मराठी ‘औट’. म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. जर्मन भाषेत आजही साडेतीन वाजले हे ‘अर्धे चार’ असेच सांगतात. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर औटकीही पाठ करून घेत. ती साडेतीनची पटी.

घटका म्हणजे दिवस-रात्रीचा साठावा भाग, अर्थात २४ मिनिटे. ती मोजायला घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरते आणि वाटी भरली की बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरणे’ म्हणजे वेळ संपणे, हा वाक्प्रचार या वाटीवरून आला. कालमापनाची घोषणा करायला ज्या धातूच्या थाळीवर टोला देत तिला ‘तास’ म्हणत. पुढे अडीच घटकांच्या कालावधीलाच तास हे नाव मिळाले. तेव्हा औट घटका म्हणजे ३½ × २४ = ८४ मिनिटे.

आता कथा. दुर्गादेवीच्या भीषण दुष्काळात शिराळशेट नावाच्या व्यापाऱ्याने आपले धान्य लोकांना वाटले. बादशहा खूश होऊन ‘माग’ म्हणाला. शिराळशेटाने औट घटकेचे राज्य मागितले आणि तेवढ्या वेळात लोकहिताचे हुकूम काढले. काही ठिकाणी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शिराळशेटाची मातीची मूर्ती करून त्याची आठवण काढतात.

कथेला पहिला प्रश्न विचारू. दुर्गादेवीच्या दुष्काळाचा परंपरेने सांगितला जाणारा काळ १३९६ ते १४०७. त्या वेळी दख्खनमध्ये बहामनी राज्य होते आणि त्याची राजधानी गुलबर्गा होती. ती बीदरला गेली अहमदशहा बहामनीच्या कारकिर्दीत, म्हणजे १४२२ नंतर. तेव्हा कोणी ही गोष्ट ‘बेदरच्या बादशहा’ची म्हणून सांगितली, तर तेवढा तपशील त्या काळाशी जुळत नाही. तो मागाहून आलेला असणार.

दुसरा प्रश्न आकड्याचा. औट ही संख्या केवळ याच कथेत नाही. माणसाचा देह औट हात, साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठे अशी ती जागोजागी भेटते. म्हणजे साडेतीन ही ‘थोडेसे, पण पुरते’ अशा अर्थाची रूढ संख्या होती. तेव्हा कथेवरून वाक्प्रचार आला, की रूढ असलेल्या ‘औट घटके’ला कथेने चेहरा दिला, हे दोन्ही पर्याय उघडे ठेवणेच योग्य. यामुळे कथा टाकाऊ ठरत नाही. दुष्काळात धान्य दडवणाऱ्याला कोणी लक्षात ठेवत नाही, वाटणाऱ्याची मात्र शतकानुशतके मूर्ती होते, हा समाजाच्या मनाचा पुरावा ती देतेच.

अठरा विश्वे दारिद्र्य

तिसऱ्या शब्दप्रयोगात पुन्हा संख्या आहे. घरात अठरा विश्वे दारिद्र्य म्हणजे कमालीची गरिबी. याची दोन स्पष्टीकरणे मिळतात.

पहिले असे : ‘विश्वे’ हे ‘विसे’ चे रूप. विसा म्हणजे वीस नगांचा गट. अठरा विसे म्हणजे १८ × २० = ३६०. वर्षाचे ३६० दिवस दारिद्र्य, म्हणजे एकही दिवस सुटका नाही. गुणाकार सुरेख जुळतो. शिवाय तीस दिवसांचा महिना धरून ३६० दिवसांचे वर्ष मानण्याची रीत हिशेबात जुनीच आहे.

दुसरे असे : ‘विसवा’ किंवा ‘विश्वा’ म्हणजे विसावा हिस्सा. उत्तरेकडे बिघ्याच्या विसाव्या भागाला ‘बिस्वा’ म्हणतात आणि हिंदीत ‘बीस बिस्वे’ म्हणजे पुरेपूर, निश्चितपणे. वीसपैकी वीस हिस्से म्हणजे पूर्ण, तर अठरा विश्वे म्हणजे वीसपैकी अठरा, शेकडा ९०. आपल्याकडेही जमिनीचे माप विसाच्या पटीतच होते : २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चाहूर. विसांशाची कल्पना शेतकऱ्याच्या ओळखीची होती.

दोन्हींपैकी जवळचे कोणते? पहिल्यात आकडा चपखल बसतो, पण ‘दिवस’ हा शब्द आपल्याला पदरचा घालावा लागतो. दुसऱ्यात पदरचे काही घालावे लागत नाही आणि शेजारच्या भाषेत त्याच रचनेचा जोडीदार सापडतो. म्हणून दुसऱ्याचे पारडे जड वाटते. वर्गात हा वाद जरूर घडवावा. मुलांना दोन्ही हिशेब करू द्यावेत आणि ‘कोणत्या स्पष्टीकरणाला कमी गृहीतके लागतात?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. विज्ञानात दोन सिद्धान्तांमध्ये निवड करताना हीच कसोटी लावतात.

मोगलाई

शेवटचा शब्द ‘मोगलाई’. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ म्हणजे इथे काही कायदा आहे की नाही? हा शब्द नेवाशात शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या काळी असणे शक्य नाही, कारण भारतात मोगल सत्ताच १५२६ मध्ये सुरू झाली. नगरचा किल्ला मोगलांनी १६०० मध्ये घेतला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारलाच वारला.

पण शब्दाचे आयुष्य त्यानंतरच वाढले. १७१९ मध्ये दिल्लीकडून मराठ्यांना दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे वसुलाचे शेकडा २५ आणि सरदेशमुखी शेकडा १०. एकाच गावच्या वसुलात दोन सत्तांचे हिस्से, म्हणजे दुअंमल. गावच्या हिशेबात मोगलांकडे जाणारा वाटा ‘मोगलाई’ या नावाने मांडत. ते एक साधे खाते होते, त्यात निंदा नव्हती. पुढे हैदराबादचा निजाम स्वतंत्र झाला तरी मुळात तो मोगलांचा सुभेदार. म्हणून मराठे त्यालाही ‘मोगल’च म्हणत आणि त्याच्या मुलुखाला मोगलाई. आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी ज्याचा पराभव केला, तो हाच निजाम. नंतर इंग्रजांचे राज्य आले, पण नगर जिल्ह्याची पूर्व सीमा निजामाच्या राज्याला लागूनच राहिली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत सीमेवरच्या गावांना मोगलाई म्हणजे पलीकडचा मुलूख.

‘पलीकडचा मुलूख’ या अर्थाचा ‘बेबंद कारभार’ कसा झाला? दोन कारणे संभवतात. एकाच पिकावर दोन वसूलदार आले की रयतेला दाद मागायला जागा उरत नाही. आणि सीमा जवळ असली की इकडचा कायदा तिकडे लागू नसतो. म्हणजे अर्थ बदलला तो सीमेवर राहणाऱ्याच्या आणि दोन मालकांत सापडलेल्याच्या अनुभवातून. हा शब्द मोगलांचा कारभार कसा होता याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. महसुलाची शिस्त तर त्यांच्या राज्याची ख्यातीच होती. सीमेच्या अलीकडून पलीकडे पाहणाऱ्याला काय दिसे, एवढेच तो सांगतो. इतिहासाच्या तासाला हा फरक मुलांच्या ध्यानात आणून देणे महत्त्वाचे आहे. नाहीतर एखादा वाक्प्रचार कळत नकळत संपूर्ण समाजाविषयीचे मत बनून बसतो.

वर्गात काय करता येईल?

१. नारळाची करवंटी किंवा पातळ धातूची वाटी घेऊन तळाला सुईएवढे छिद्र पाडा आणि ती पाण्यावर सोडा. बुडायला किती मिनिटे लागतात ते मोजा. छिद्राचा आकार आणि वाटीचे वजन बदलत २४ मिनिटांचे घटिकापात्र तयार करता येते का पाहा. त्यानंतर ‘घटका भरली’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

२. जुनी जंत्री किंवा शंभर वर्षांचे पंचांग मिळवून अधिक मासाची वर्षे काढा. १८७६-७७, १८९९-१९०० अशी दुष्काळी वर्षे त्यात तपासा. तेरा महिन्यांच्या शकात किती दुष्काळ सापडतात? प्रमाण १९ मध्ये ७ च्या जवळ येते का? उदाहरणे थोडी असली तर प्रमाण का जुळत नाही, यावर बोला.

३. गावातल्या वृद्धांकडून पाऊस, धान्य, कर्ज, मोजमापे यांविषयीच्या म्हणी गोळा करा. प्रत्येक म्हणीबरोबर गाव, तालुका, सांगणाऱ्याचे अंदाजे वय आणि म्हण कोणत्या प्रसंगी वापरली जाते हे लिहून ठेवा. अर्थ त्यांच्याच शब्दांत घ्या, पुस्तकातला नको.

यातला तिसरा उपक्रम लांबणीवर टाकू नये. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशामुळे आणि दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’मुळे हजारो शब्दप्रयोग कागदावर उतरले. पण म्हण नेमकी कोणत्या व्यवहारात अडली होती, ती कोणाच्या बाजूने बोलत होती, हे कोशातल्या एका ओळीत मावत नाही. ते ज्यांनी मोट हाकली, सालगडी म्हणून पाडवा ते पाडवा राबले, १९७२ साली खडी फोडली, त्यांनाच सांगता येते. त्या वर्षी जी मुले दहा वर्षांची होती त्यांनी आज साठी ओलांडली आहे. मुलांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे आणि पहिला प्रश्न हाच विचारावा, की तेराव्या महिन्यात तुमच्या घरी नेमके काय जास्तीचे द्यावे लागे?